आठ लाखांमुळे हुकलेला व्हिसा: पुण्यातलं एक प्रकरण

सिंहगड रस्त्यावर राहणारं जोडपं. काका सदुसष्टचे, चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू बासष्टच्या, गृहिणी. धाकटी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये रेडिंगला. मुलीचं पहिलं बाळंतपण नोव्हेंबर २०२५ च्या मध्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण लेकीला येणं शक्य नव्हतं, म्हणून माहेरच तिकडे निघालं. जुलैच्या शेवटी दोघांनी यूकेच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज केले. ऑगस्टमध्ये दोन्ही नाकारले गेले.

फाइल माझ्याकडे आली ती त्यानंतर. मी एजंट नाही. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कागद वाचायची सवय आहे, आणि ओळखीपाळखीतले लोक अर्ज भरण्याआधी, बहुतेकदा नाकारल्यानंतर, माझ्याकडे कागद घेऊन येतात. या प्रकरणात ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्यात, कारण दर वर्षी पुण्यातल्या कितीतरी घरांत त्या याच क्रमाने होतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अमेरिकेच्या व्हिसाला मुंबईत मुलाखत असते, खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला दोन वाक्यांत काहीतरी समजावता येतं. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला बहुतेक वेळा मुलाखत होतच नाही. पुण्यातल्या व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, कागद पुढे जातात, एवढंच. तिथल्या मुलीने फाइल चाळून "ठीक आहे" म्हटलं याला काडीचाही अर्थ नसतो, कारण निर्णयाचा अधिकार केंद्राला नाही. निर्णय घेणारा अधिकारी तुम्हाला कधीच बघत नाही. त्याच्यासमोर फॉर्म आणि स्कॅन केलेली पानं असतात. काका किती सरळ माणूस आहे हे सोसायटीतल्या वॉचमनलाही माहीत आहे, पण ते पीडीएफमध्ये उतरत नाही.

नकाराचं पत्र

नकाराचं पत्र लोक रागाने बाजूला ठेवतात. तोच सगळ्यात उपयोगाचा कागद असतो. ब्रिटिश इमिग्रेशन नियमांच्या अपेंडिक्स व्हीमध्ये ४.२ हे कलम आहे. त्यात खऱ्या पाहुण्याकडून काय अपेक्षित आहे ते सांगितलंय: मुक्काम संपल्यावर तो परत जाईल, वारंवार येऊन तिथेच बस्तान बसवणार नाही, परवानगी असलेल्या कारणासाठीच येतोय, मनाई असलेलं काम करणार नाही, आणि काम न करता किंवा सरकारी मदत न घेता सगळा खर्च भागेल इतके पैसे त्याच्याकडे आहेत. काकांच्या पत्रात यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि शेवटच्या मुद्द्यावर बोट ठेवलेलं होतं.

कारणं थोडक्यात अशी. अर्जाच्या आधीच्या महिन्यात खात्यात आठ लाख रुपये आले, ते कुठून आले याचा खुलासा नाही. फॉर्ममध्ये मासिक उत्पन्न ५०,००० लिहिलंय, स्टेटमेंटमध्ये ते दिसत नाही. सहा महिने राहायचं कारण पटण्यासारखं नाही. दोघंही एकत्र चाललेत, आणि त्यांना परत यायला लावेल असं मागे काय उरतं ते कळत नाही. शेवटचं वाचून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत, मुलगा-सून आहेत, आणि म्हणे मागे काही नाही! पण मी अख्खी फाइल तपासली. सासूबाईंचा उल्लेख एकाही पानावर नव्हता. अधिकाऱ्याला तो कुठून कळणार?

आठ लाखांची गोष्ट

काकांच्या बँक खात्यात एरवी लाख-सव्वा लाख रुपये असतात. अर्ज भरून देणारा एजंट म्हणाला, "बॅलन्स दिसला पाहिजे." मुलाने सहा लाख एनईएफटीने टाकले, काकांनी घरात ठेवलेले आणि नातेवाइकांकडून घेतलेले मिळून दोन लाख रोख भरले. खातं फुगलं. त्याच दिवशीचं बॅलन्स सर्टिफिकेट काढून फाइलला सगळ्यात वर लावलं.

आता हे अधिकाऱ्याच्या बाजूने बघा. सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये महिन्याला ३,१४० रुपये पेन्शन येते, विजेचं बिल जातं, औषधांचे यूपीआय जातात. आणि शेवटच्या पानावर अचानक आठ लाख. हे पैसे अर्जदाराचे नाहीत, अर्जापुरते आणून ठेवलेत, याशिवाय तो दुसरं काय समजेल? गरीब असणं हे नकाराचं कारण नसतं. कुठून आले ते न सांगता आलेले पैसे हे असतं. यूकेने किमान शिल्लक अशी कुठे ठरवून दिलेली नाही, अमुक लाख हवेतच असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. हा आकडा एजंटांच्या टेबलावरच जन्माला येतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. काकांना या आठ लाखांची गरजच नव्हती.

काकांनी निवृत्तीचे पैसे २०२३ मध्ये पोस्टाच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ठेवले होते. पंधरा लाख, ८.२ टक्क्यांनी. त्याचं व्याज दर तिमाहीला ३०,७५० रुपये, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला पोस्टाच्या बचत खात्यात जमा होतं. काका ते पासबुक घेऊन पोस्टात जातात, एंट्री मारून घेतात, पैसे काढतात. हे पासबुक मी मागितलं तेव्हा ते म्हणाले, "ते पोस्टाचं आहे हो, बँकेचं नाही." एजंटाने फक्त बँक स्टेटमेंट मागितलं होतं, त्यांनी फक्त बँक स्टेटमेंट दिलं.

म्हणजे ज्या माणसाचे पंधरा लाख सरकारी योजनेत सुरक्षित आहेत, त्याच्या फाइलमध्ये ते पंधरा लाख नाहीत आणि उसने आठ लाख आहेत.

उत्पन्नाचंही तसंच. पेन्शन ३,१४०. ही ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या योजनेची पेन्शन, खासगी कारखान्यातल्या माणसाला बहुतेकदा एवढीच थोडी मिळते. पोस्टाचं व्याज महिन्याला १०,२५० धरा. धनकवडीचा जुना वन बीएचके भाड्याने दिलाय, त्याचे १४,०००. बेरीज २७,३९०. फॉर्ममध्ये ५०,००० कुठून आले? एजंटाने मुलगा घरखर्चाला देतो ती रक्कम मिळवली आणि वरून गोल केलं. भाडं भाडेकरू रोख देतो, काका ते घरातच खर्च करतात, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये त्याचा मागमूस नाही. ५०,००० म्हणून सांगितलेल्या उत्पन्नातले ३,१४०च कागदावर दिसत होते.

त्यातही कहर म्हणजे खर्चाचा रकाना. प्रवासावर किती खर्च करणार, या प्रश्नाला एजंटाने दोघांच्याही फॉर्ममध्ये माणशी ५,००० पौंड लिहिलं, वजन पडावं म्हणून. म्हणजे दोघांचे मिळून अकरा लाखांच्या वर. फॉर्ममधलं फुगवलेलं उत्पन्नही वर्षाचं सहा लाख होतं. वर्षाच्या कमाईच्या जवळजवळ दुप्पट पैसे एका सहलीवर उधळणारा निवृत्त माणूस कोणाला खरा वाटेल? आणि प्रत्यक्षात तिकिटं जावई काढणार, राहणं-खाणं लेकीच्या घरी, खिशात लागणार फार तर वरखर्चाचे पैसे.

नियमात दुसऱ्याने खर्च उचलण्याची पूर्ण मुभा आहे. फक्त त्या माणसाशी खरं नातं असावं, तो तिथे कायदेशीर राहत असावा, आणि तो खर्च करू शकेल व करेल हे दिसावं. जावयाच्या पगाराच्या स्लिपा हे दाखवायला पुरेशा होत्या. पण "सासऱ्यांचा खर्च जावयाने करायचा, हे कागदावर कसं दिसेल?" असा काकांचा प्रश्न होता, आणि मला वाटतं आठ लाखांच्या मुळाशी एजंटाइतकाच हाही संकोच होता.

सहा महिने कशाला?

व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. त्यावरून लोक असा अर्थ काढतात की मुक्कामही सहा महिन्यांचाच लिहायचा, मिळतायत तर सोडायचे कशाला. काकांच्या कव्हर लेटरमध्ये होतं की मुलीची आणि बाळाची काळजी घेण्यासाठी आम्ही सहा महिने राहणार आहोत, कारण तिला नंतर कामावर रुजू व्हायचं आहे.

या वाक्यात किती गोष्टी बिघडल्या ते बघा. व्हिजिटरला तिथे काम करता येत नाही. आजी-आजोबांनी नातवंडाकडे बघायला हरकत नाही, पण ते थोडक्या भेटीपुरतं असावं, मूल सांभाळणाऱ्या पगारी बाईच्या जागी आजीला बसवलेलं नसावं, असं अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. "तिला कामावर जायचं आहे म्हणून आम्ही येतोय" हे वाचल्यावर नेमकं तेच चित्र उभं राहतं.

मी लेकीला फोन केला आणि विचारलं, खरंच ठरलंय काय? तिचं उत्तर वेगळंच निघालं. ती पुढचं जवळजवळ वर्षभर मॅटर्निटी लीव्हवर होती. आई-बाबा भाऊबीज उरकून ऑक्टोबरच्या शेवटी येणार आणि संक्रांतीच्या आधी परतणार, कारण आजीला फार दिवस सोडता येत नाही. त्यानंतर जळगावहून तिच्या सासूबाई येणार. म्हणजे खरा बेत अडीच महिन्यांचा होता. कामावर रुजू होण्याचं वाक्य कोणी घातलं? एजंटाच्या साच्यातलं. दुसऱ्या कोणाच्या तरी पत्रातून आलेलं, नाव बदलून.

इथे एक सांगतो. दुसऱ्या अर्जासाठी आम्ही नवीन गोष्ट रचली नाही. घरात ठरलेलं तेच लिहिलं. पहिल्या अर्जात ते कोणी विचारलंच नव्हतं.

जाड फाइल

पहिल्या अर्जासोबत किती काय जोडलं होतं! गाडीचं आरसी बुक, काकांचं ड्रायव्हिंग लायसन्स, डिप्लोम्याची मार्कशीट, लेकीच्या लग्नातले फोटो, शंभर-पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं, हॉटेलचं एक बुकिंग, विमानाची तिकिटं, प्रवास विमा, जावयाचं विजेचं बिल आणि कौन्सिल टॅक्सचं बिल.

ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर व्हिजिटर व्हिसाच्या कागदपत्रांची मार्गदर्शिका आहे. त्यात फारसे उपयोगाचे नसलेले कागद कोणते, याची स्पष्ट यादी दिलीय. वर लिहिलेला एकूण एक कागद त्या यादीत आहे. गाडीचे कागद, फोटो, नोटरी, विमा, हॉटेल आणि विमानाची बुकिंग, यजमानाची बिलं, सगळं. अर्ज भरायच्या आधी ते पान कोणी उघडलं असतं तर निम्मी फाइल घरीच राहिली असती.

हे कागद आले कुठून, तर २०१८ मध्ये काका-काकू टूर कंपनीबरोबर युरोपला गेले होते, त्या यादीवरून. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाला, विमानाचं आरक्षण लागतं, राहण्याची सोय दाखवावी लागते, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. यूके शेंगेनमध्ये नाही, तिचे नियम वेगळे. त्या वयात विमा घ्यावाच, पण तो स्वतःसाठी. त्याने व्हिसा मिळत नाही. आणि तिकिटं तर व्हिसा मिळेपर्यंत काढू नका, असंच सांगितलेलं असतं. जावयाने स्वस्तात मिळाली म्हणून नॉन-रिफंडेबल काढली होती. कराचे थोडे पैसे परत आले, बाकी गेले.

जे जोडायला हवं होतं ते मात्र नव्हतं. २०१८ चा शेंगेन व्हिसा ज्या जुन्या पासपोर्टवर होता, तो घरी कपाटात. वेळेवर परत आल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? धनकवडीच्या फ्लॅटचा इंडेक्स टू जोडला होता, पण मराठीत, भाषांतराशिवाय. इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या कागदाला भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराने ते बिनचूक असल्याचं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यावा लागतो. एरवी तो कागद अधिकाऱ्याच्या लेखी नुसता छापील कागद. सातबारा जोडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आणखी एक घोळ खास आपल्याकडचा. लग्नात काकूंचं नाव बदललं होतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लेकीच्या जन्मदाखल्यावर सासरचं, पासपोर्टवर सासरचं, आणि पोस्टाच्या एका जुन्या खात्यावर पुन्हा माहेरचं. परक्या देशातल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटणार. विवाह नोंदणीचा दाखला आणि पत्रात दोन ओळी, एवढ्यावर हा प्रश्न सुटला.

काकूंच्या अर्जाबद्दल शेवटचं. नवरा-बायको एकत्र जात असले तरी अर्ज दोन असतात आणि प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र होतो. पैशांचे सगळे कागद काकांच्या अर्जाला अपलोड केलेले, काकूंच्या अर्जाला पासपोर्ट आणि नोटरीचा कागद. त्यांचा अर्ज मंजूर व्हायला त्यात काही नव्हतंच.

एका रकान्यातला "हो"

या सगळ्यात एक गोष्ट मात्र बरोबर झाली होती, आणि ती लेकीमुळे. २०१९ मध्ये पुतण्याच्या लग्नासाठी दोघांनी अमेरिकेचा व्हिसा मागितला होता, तो २१४ बी कलमाखाली, म्हणजे परत जाण्याची खात्री पटली नाही म्हणून, नाकारला गेला होता. यूकेच्या फॉर्ममध्ये कोणत्याही देशाने पूर्वी व्हिसा नाकारलाय का, असा थेट प्रश्न आहे. एजंटाने मसुद्यात "नाही" भरलं होतं. "जुनं आहे, त्यांना काय कळणार?" लेकीने रात्री बसून मसुदा वाचला आणि ते "हो" करायला लावलं.

त्यांना कळतं. यूके, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश इमिग्रेशनसाठी बोटांच्या ठशांची माहिती एकमेकांशी पडताळतात. आणि जुना नकार ही तशी किरकोळ बाब आहे, लपवणं हा वेगळाच मामला. खोटी माहिती देऊन फसवणूक केल्याचा ठपका बसला तर पुढची दहा वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात. तो एक "नाही" गेला असता तर नातवाची मुंज फोटोतच बघावी लागली असती.

दुसरा अर्ज

या नकारावर साधारणपणे अपील नसतं, फेरविचारही नसतो. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसाची फी माणशी १२७ पौंड होती. पण नवीन अर्ज किती दिवसांनी करावा याचं बंधन नाही. अनेक जण त्याच कागदांवर लगेच दुसऱ्या आठवड्यात अर्ज टाकतात आणि तेच पत्र पुन्हा घेतात.

आम्ही थांबलो. मुलाचे सहा लाख आले तसेच एनईएफटीने परत गेले. उसने आणलेले पैसेही परत केले. स्टेटमेंटवर हे येणं-जाणं दिसणारच होतं, ते लपवायचा प्रश्न नव्हता. पत्रात सरळ लिहिलं की पहिल्या अर्जाच्या वेळी सल्ल्यावरून मुलाने आणि नातेवाइकांनी पैसे ठेवायला दिले होते, ते परत केले आहेत, आणि त्यांवर आम्ही अवलंबून नाही. सोबत मुलाचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट. पोस्टातून शिक्का मारलेलं खात्याचं विवरण आणलं. धनकवडीचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत होता, तो लावला, आणि भाडेकरूला यापुढे भाडं खात्यात टाकायला सांगितलं. काकांचं उत्पन्न कराच्या मर्यादेत येत नव्हतं म्हणून रिटर्न कधी भरलेलंच नव्हतं. मुदत त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढलेली होती, तेवढ्यात भाड्यासकट भरून घेतलं. कर शून्य, पण उत्पन्नाला एक सरकारी कागद मिळाला.

फॉर्ममध्ये उत्पन्न २७,३९० लिहिलं. काका अस्वस्थ. "इतकं कमी दाखवायचं?" मी म्हटलं, काका, दाखवायचं काय, आहे तेवढं लिहायचं.

लेकीकडून आमंत्रणाचं पत्र, दोघांच्या व्हिसाचा पुरावा, जावयाच्या पगाराच्या स्लिपा, घराचा भाडेकरार. आणि मॅट बी वन. हा तिथल्या डॉक्टर किंवा मिडवाइफने दिलेला प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचा दाखला, तारखेच्या वीस आठवडे आधीपासून मिळतो. लेकीने तो ऑफिसात सुट्टीसाठी दिलाच होता, त्याची प्रत अर्जाला जोडावी हे पहिल्या वेळी कोणाला सुचलं नव्हतं. त्या एका कागदाने "आत्ताच का आणि एवढेच दिवस का" याचं उत्तर दिलं. काकूंच्या सासूबाईंचं आधार कार्ड, एकत्र राहत असल्याचं सोसायटीचं पत्र आणि त्यांच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शनही जोडलं.

पत्र दीड पानाचं झालं. पहिल्या नकारातल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर, आणि प्रत्येक उत्तरापुढे कोणता कागद बघावा ते. दोन्ही अर्जांना संपूर्ण संच. आधीचा यूकेचा आणि अमेरिकेचा, दोन्ही नकार फॉर्ममध्ये लिहिले. ठरलेल्या तीन आठवड्यांच्या आतच दोघांचे व्हिसा आले. तिकिटं पहिल्यापेक्षा महाग पडली. विमानतळावरचा अधिकारीही प्रश्न विचारू शकतो, म्हणून आमंत्रणाचं पत्र आणि परतीचं तिकीट केबिन बॅगेत ठेवायला सांगितलं.

डिसेंबरमध्ये जळगावहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा अर्ज जानेवारीच्या तिकिटासाठी करायचा होता. म्हणाल्या, तुमचं ते पत्र चांगलं चाललं म्हणे, त्यातच माझं नाव घालून द्या ना. मी त्यांना आधी सगळ्या पासबुकांचे फोटो पाठवायला सांगितले, पोस्टाच्यासुद्धा. दुसऱ्याच पानावर नोव्हेंबरमध्ये भरलेले दोन लाख रोख होते.